चांदणीच्या पोटाची हकिगत

एक्सर, बोरीवली (पश्चिम)
बुधवार, ११ मार्च

तीर्थस्वरूप रामनाथमामांस,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच आहे. कमरेला पट्टा लागल्यापासून माझी तीन-चार अंगंच जमिनीला टेकतात. उरलेली टेकली असं धरून चालावं.) गुडघ्याचे टाके निघाले हे तुमच्या लेकीकडून, रेवतीकडून कळलं. आता जिना चढता का, झोप लागते का, जेवण जातं का, हे सविस्तर कळवावं. मुलुंडची हवा मानवते का हेही कळवावं. इकडे कुंदा बरी आहे, मी बरा आहे, माझं पित्त नेहमीच्या जागी आहे. राहता राहिली तुमची चांदणी. हे पत्र तिच्यासाठीच लिहितो आहे, आणि तुमच्या तबेल्यात, तुमच्याच उलट्या घातलेल्या बादलीवर बसून लिहितो आहे. मध्ये मध्ये उठावं लागतं, त्यामुळे अक्षर हललेलं दिसेल.

मामा, तुमची फोनची पद्धत मला ठाऊक आहे. रोज सकाळी साडेआठला फोन येतो, तुम्ही "खाते ना?" एवढंच विचारता, मी "हो" म्हणतो आणि तुम्ही ठेवून देता. माझ्या 'हो'च्या पुढे 'पण' येणार आहे की काय, हे ऐकायलाही थांबत नाही. तुम्ही गेल्याला सहा आठवडे झाले. त्यातल्या पहिल्या आठवड्यातले 'हो' खरे होते. त्यानंतरचे खोटे होते. लिहून टाकलं एकदा. समोर येऊन सांगायला हवं होतं हे मला कळतं, पण बोरीवलीहून मुलुंडला येणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. बोरीवलीहून जम्मूला थेट गाडी आहे, मुलुंडला नाही. शिवाय चांदणीला सोडून निघवत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. चाळीस वर्षं अख्ख्या एक्सरच्या पोरांना घोडेस्वारी शिकवलेला माणूस आपली शेवटची घोडी विश्वासाने माझ्या हाती देऊन ऑपरेशनला जातो आणि मी तिच्या पोटात जखमा करून ठेवतो, हे तोंडाने कसं सांगायचं?

घाबरू नका. घोडी उभी आहे, आत्ता माझ्यामागे गवत चावते आहे आणि मधूनच माझ्या कॉलरवर फुरफुरते आहे. आता पहिल्यापासून सांगतो.

(उठून आलो. पाणी संपलंय असं वाटलं, संपलं नव्हतं.)

जाताना तुम्ही मला चिठ्ठी दिलीत. ती अजून माझ्या पाकिटात आहे. 'वेळच्या वेळी खायला. पोटभर. लंगडली तर पांढरी पूड, एक चमचा. लाड नकोत.' बस्स. आता मामा, चौतीस वर्षं कांदिवलीच्या कारखान्यात टाइमकीपर असलेल्या माणसाला 'वेळच्या वेळी' असं लिहून देणं म्हणजे काय होणार याचा तुम्ही जरा विचार करायला हवा होता. निवृत्त झाल्यापासून दीड वर्ष मी घरात नुसता येरझारा घालत होतो. कुंदाच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचो, कचऱ्याची गाडी किती मिनिटं उशिरा आली ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो, शेवटी त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. अशा माणसाच्या ताब्यात तुम्ही एक जिवंत प्राणी आणि वेळापत्रक दिलंत! मी भिंतीवर तक्ता लावला. सकाळी सातला चंदी, संध्याकाळी सातला चंदी. हरभरे भिजवलेले, भुसा मापात, बादली शिगोशीग. आणि गवत? गवताचा तुमच्या चिठ्ठीत उल्लेखच नव्हता. मागच्या बाजूला पेंढ्या रचलेल्या दिसत होत्या, पण माझी समजूत अशी की चंदी हे जेवण आणि गवत हे तोंडी लावणं. म्हणून चंदीबरोबर मूठ-दोन मुठी टाकायचो. मधल्या वेळी ती पेंढ्यांकडे मान लांब करून बघायची, तर मी पेंढ्या ताडपत्रीखाली झाकून टाकल्या. आमच्या घरात मधल्या वेळचं खाणं कधी चाललेलं नाही. माझ्या आईने, म्हणजे तुमच्या बहिणीने, फडताळाला कुलूप लावलेलं तुम्ही पाहिलेलं आहे. तेच वळण मी चांदणीला लावत होतो. आणि 'लाड नकोत' हे तर तुमच्याच हाताने लिहिलेलं होतं.

पुडीचंही सांगून टाकतो. 'लंगडली तर' असं तुम्ही लिहिलं होतं. मी म्हटलं, लंगडण्याची वाट कशाला बघायची? रोज एक चमचा दिला तर लंगडणारच नाही. तक्त्यात पुडीचा रकाना घातला आणि रोज सकाळी सहाला, चंदीच्या आधी, रिकाम्या पोटी दिली. मनात म्हटलं, मामा परत आले की म्हणतील, श्यामने काय शिस्त ठेवली आहे!

दुसऱ्या आठवड्यात तिने चंदी अर्धी टाकायला सुरुवात केली. आधी हरभरे बाजूला सारायची, मग बादलीत नुसतं तोंड घालून परत काढायची. एखादी गवताची काडी मिळाली तर खायची, पण चंदीकडे पाठ. मग जांभया. मामा, घोड्याला एवढ्या जांभया येतात हे मला माहीत नव्हतं. एकामागून एक, वरचा ओठ उलटा करून. मग दात कराकरा खाणं. पोटाच्या बाजूला खरारा लावला की कान मागे पाडून मागचा पाय उचलायची. अंगावरची चकाकी गेली, केस जुन्या चटईसारखे दिसायला लागले. कधी कधी जेवण झाल्यावर पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उभी राहायची, तर मला वाटायचं आळस देते आहे. आणि दिवसभर आपल्या जागेवर डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे डुलत राहायची. मी समोर फेऱ्या मारायचो, ती डुलायची. कुंदा एकदा चहा घेऊन आली, आम्हा दोघांकडे बघून चहासकट परत गेली.

आता यावर प्रत्येकाने आपलं निदान सांगितलं, आणि गंमत अशी की ज्याला जो आजार तोच त्याने घोडीला लावला. कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या सखुबाईची दाढ दुखते, तिने सांगितलं दाढच आहे. आमच्या शेजारच्या शर्मिष्ठाबाईंना थायरॉइड आहे, त्या म्हणाल्या थायरॉइड तपासा, केस असेच होतात. कुंदा म्हणाली दृष्ट लागली, आणि मीठ-मिरच्या घेऊन आली. (मिरच्या उतरवून विस्तवात टाकल्या तर चांदणी शिंकली, मी शिंकलो, आणि समोरच्या इमारतीतून खिडक्या धडाधड बंद झाल्याचा आवाज आला. कुंदाच्या मते एवढा खकाणा उठला म्हणजे दृष्ट जबरदस्तच होती.) मला स्वतःला बारा वर्षं पित्त आहे. म्हणजे सगळ्या एक्सरमध्ये हे दुखणं ओळखायचा हक्क कुणाचा होता तर माझा. पण मी काय म्हटलं? मी म्हटलं, स्वभाव! मालक नाही म्हणून नखरे चालले आहेत. आणि पोट बिघडलंच असेल तर त्याला एकच उपाय, लंघन. पोटाला विश्रांती. मी स्वतः बारा वर्षं पित्तावर लंघनच करत आलो आहे. तरी बारा वर्षं पित्त आहेच, यावरून काही लक्षात यायला हवं होतं, ते आलं नाही.

त्यात महाशिवरात्र आली. आमच्या घरात त्या दिवशी धान्य कुणी खात नाही. मोलकरीणसुद्धा आमच्याकडे आली की शेंगदाणे खाते. मग हरभरे खाणारी चांदणी त्याला अपवाद कशी? तिचा उपास धरला. दुपारी साबुदाण्याची खिचडी थोडी पुढे केली, तिने नाकपुड्या फुगवून वास घेतला आणि मान फिरवली. मी ती खिचडी तिच्यासमोर उभा राहून खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ घेऊन फिरलो. तीही उभी, मीही उभा, दोघंही उपाशी आणि दोघांच्याही पोटात आग. फरक इतकाच की मी इनोचं पाकीट फोडू शकत होतो.

(पुन्हा उठलो. ती खोकल्यासारखं करत होती. काही नाही, गवताची काडी.)

त्याच्या पुढच्या रविवारी पाडव्याच्या शोभायात्रेची तालीम होती. नऊ वर्षं आपली चांदणी यात्रेच्या पुढे चालते आहे, हे काय मी तुम्हाला सांगायचं! यंदा तिच्यावर शर्मिष्ठाबाई बसणार होत्या, नऊवारी, नथ, फेटा, सगळं. त्या समितीच्या अध्यक्षा असल्यामुळे निवडही त्यांनीच केली होती. मैदानात चाळीस बायका लेझीम घेऊन उभ्या, ढोलवाले उभे. मी खोगीर ठेवलं आणि पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला घेतला. पहिल्या भोकाला तिने दात विचकले. दुसऱ्या भोकाला ती वळली आणि जवळ जे सापडलं ते तिने दातांत धरलं. जवळ शर्मिष्ठाबाईंचा काष्टा होता. पुढचं मी लिहीत नाही. नऊवारीला कापड भरपूर असतं म्हणून अब्रू राहिली. पण बाई ओरडल्या, ढोलवाल्यांना वाटलं खूण झाली, त्यांनी ढोल सुरू केले, आणि चांदणी माझ्यासकट मैदानाच्या फाटकापर्यंत गेली. तिथे मात्र थांबली. थांबली आणि मामा, खाली बसली. आपल्या पोटाकडे वळून वळून बघायला लागली. नऊ वर्षं ढोलताशात न बिथरलेली घोडी फाटकाशी बसून पोटाकडे बघत होती, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा स्वभाव नाही.

त्याच दुपारी शर्मिष्ठाबाईंनीच फोन फिरवून घोड्यांच्या डॉक्टर शोधल्या. (बाईंबद्दल मी मागे जे काही बोललो असेन ते मागे घेतो. काष्टा शिवून घेतला आणि पहिला फोन त्यांनी केला.) डॉ. दर्शना म्हणून आहेत, वय तिशीच्या आतबाहेर, स्कूटरवर येतात. आल्या, चांदणीच्या पोटाला कान लावला, हिरड्या बघितल्या, लीद बघितली आणि मग भिंतीवरचा माझा तक्ता वाचायला लागल्या. मी जरा ताठ उभा राहिलो. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"काका, हा तक्ता कुणी केला?"

मी म्हटलं, मीच.

"गवत कुठे आहे यात?"

मी ताडपत्री दाखवली. मग मला जे ऐकावं लागलं ते असं की, "काका, गवत हे हिचं जेवण आहे. चंदी हा फराळ. तुम्ही सगळं उलटं धरून चाललात." माणसाच्या पोटात आम्ल मुख्यतः जेवताना सुटतं, घोड्याच्या पोटात ते चोवीस तास सुटतच असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. नळ बंद व्हायची सोयच नाही. त्याच्यावर उतारा एकच, लाळ. आणि घोड्याची लाळ चावल्याशिवाय सुटत नाही. म्हणून रानातला घोडा सोळा-सोळा तास चरत असतो, हावरट म्हणून नव्हे. पोटाचा खालचा भाग आम्लाला सरावलेला असतो, वरचा भाग अगदी उघडा असतो. पोटात गवत असलं तर त्याचा थर वर तरंगतो आणि आम्ल वर उसळत नाही. रिकाम्या पोटी घोडा पळवला, दाणा जास्त दिला, एकटं कोंडून ठेवलं, तर वरच्या भागाची सालं निघतात. "आणि तुम्ही बारा बारा तास तिचं तोंड बंद ठेवलंत. वर उपास. वाट लागणार ना!" मी हळूच म्हटलं, माझ्या पित्ताला लंघनाने बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "खरंच वाटतं?" मी ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

मग त्यांना पुडीचा रकाना दिसला. डबा उघडून वास घेतला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. ती दुखण्यावरची पूड आहे, मामा, तुम्हाला माहीतच आहे. ती रोज, रिकाम्या पोटी, महिनाभर दिली तर पोटाचं आतलं अस्तर जे काही स्वतःची दुरुस्ती करत असतं ते थांबतं. तुम्ही 'लंगडली तर' लिहिलं होतं. ते दोन शब्द मी कामगाराच्या रजेच्या अर्जासारखे नजरेआड केले.

नक्की काय आहे ते कळायला दुर्बीण घालावी लागली. आणि दुर्बिणीसाठी पोट रिकामं हवं! म्हणजे ज्या दिवशी मला अक्कल आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिला पुन्हा उपाशी ठेवायची पाळी आली. आदल्या संध्याकाळी गवत काढून घेतलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती की मी त्या दिवशी जेवलो नाही. (कुंदा म्हणाली, याने घोडीला काय फायदा? काही नाही. पण घास उतरेना.) सकाळी डॉक्टर आल्या, तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तिची मान जड होऊन माझ्या खांद्यावर आली, आणि नाकातून ती नळी आत गेली. तीन मीटर! जातच होती. बाजूच्या छोट्या पडद्यावर तिच्या पोटातलं दिसत होतं. वरचा भाग फिकट, गुळगुळीत असायला हवा होता. तिथे कडेकडेने लाल खड्डे होते, पिवळ्या किनारीचे, एकदोन ठिकाणी रक्त ओघळलेलं. खाली, पोटाच्या तोंडाशीही लालसर चट्टे. डॉक्टर बोट ठेवून म्हणाल्या, "वरचे उपासाचे. हे खालचे बहुतेक पुडीचे." म्हणजे माझ्या तक्त्यातले दोन्ही रकाने तिथे हजर होते. मामा, मी रडलो. तिची मान खांद्यावर होती, हात मोकळे नव्हते, डोळे पुसता आले नाहीत. दोन आठवडे ही माझ्याशी बोलत होती, दात विचकून, जांभया देऊन, पोटाकडे बघून, आणि मी तिला नखरेल म्हणत होतो.

आता सध्याचं. रोज सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, औषधाची पेस्ट. तिच्या गालाच्या कोपऱ्यातून पिचकारीने जिभेवर मागे सोडायची. चार आठवड्यांचं औषध आहे, दोन झाले. पहिले चार दिवस त्यातली निम्मी पेस्ट माझ्या शर्टावर असायची, आता हात बसला. त्यानंतर तासभर थांबायचं (हा एकच रिकामा तास डॉक्टरांना मान्य आहे) आणि मग गवत, दिवसभर गवत, झोपतानाही गवत. चंदी अगदी थोडी, तीही विभागून, हरभरे जवळजवळ बंद. लसूणघासाचा हिरवा चारा मिळतो तो थोडा थोडा. त्याने आम्लाला उतार पडतो म्हणे. फिरवायला काढायच्या आधीसुद्धा दोन मुठी गवत. पूड बंद, पाय दुखला तर आधी डॉक्टरांना फोन.

गवत एकदम संपू नये म्हणून ते बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगायला सांगितलं होतं, म्हणजे काडी काडी ओढत बसते. जाळी कुठे मिळणार? सखुबाईने आपल्या घरची जाळी आणून दिली, मोठ्या प्रेमाने. चांदणीने वास घेतला आणि तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. ती जाळी मी तीन वेळा साबणाने, एकदा लिंबाने आणि एकदा कुंदाच्या शिकेकाईने धुतली. (शिकेकाईचं कुंदाला अजून माहीत नाही.) तरी आजूबाजूची मांजरं जाळीखाली येऊन बसतात. शेवटी सखुबाईने नवी विणून दिली. पैसे विचारले तर मला झाडलं, म्हणाली मामांची घोडी आहे.

राहिला एकटेपणा. डॉक्टर म्हणाल्या, घोडा कळपातला प्राणी, एकटा राहिला की तगमगतो आणि तगमगीने पोट बिघडतं. हिला सोबत द्या, एखादी बकरी ठेवा, नाहीतर कुणीतरी जवळ बसा. हे कुंदासमोर बोलणं झालं. कुंदा म्हणाली, बकरी आणायची काही गरज नाही, हे मोकळेच आहेत. तेव्हापासून मी सकाळी नऊ ते दुपारी एक आणि चार ते सात इथे बादलीवर असतो. पेपर वाचतो, मोठ्याने वाचतो. अग्रलेखाला ती झोपते, बाजारभावाला कान टवकारते. पहिले दोन दिवस मी दर पाच मिनिटांनी उठत होतो, आता पंधरा-वीस मिनिटं सलग बसतो. ती डुलायची थांबली आहे. काल खरारा पोटापर्यंत नेला, पाय उचलला नाही. केसांवर थोडं तेज यायला लागलं आहे. डॉक्टर म्हणतात बरी होईल, पण चार आठवडे झाल्यावर पुन्हा नळी घालून बघायचं, मधेच बरं वाटतंय म्हणून औषध सोडायचं नाही.

मात्र पाडव्याला ती निघणार नाही. यात्रेचे फोटो रेवतीच्या मोबाइलवर येतील, त्यात पुढे चांदणी दिसणार नाही, शर्मिष्ठाबाई बुलेटवर दिसतील. तुम्हाला ते फोटोवरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मामा, चूक माझी आहे, तुमच्या चिठ्ठीची नाही. काय बोलायचं ते बोला. घोडी माझ्याकडून काढून घ्यायची असेल तर घ्या, दुसऱ्या कुणाकडे ठेवायची असेल तर तसं सांगा. मी तक्ता फाडून टाकला आहे.

रेवतीला आशीर्वाद. तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमचा अपराधी भाचा,
श्यामसुंदर

ता. क. : दुसऱ्या कुणाकडे ठेवायची असेल तर, असं वर लिहिलं आहे ते केवळ रीत म्हणून. ठेवू नका. आता कुठे तिची सवय लागते आहे.

ता. क. दुसरा : खरं तर पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं आणि चांदणीतच इतकी पानं गेली. रविवारी रेवतीचा फोन आला होता, गॅलरीतून, हळू आवाजात. तिच्याकडून कळलं की तुम्ही पहाटे पाचला गुडघ्याची गोळी कोऱ्या चहाबरोबर घेता आणि मग एक वाजेपर्यंत पोटात काही नाही. ताट अर्धं सरकवता. खुर्चीत पोटावर हात दाबून पुढे वाकून बसता. व्यायाम करून घ्यायला येतो त्या मुलावर खेकसता. दीड महिन्यात पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलीत. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणता, मला काय झालंय? आणि मी फोनवर कधी घाईघाईने "जेवलात ना?" विचारलंच, तर तुम्हीही "हो" म्हणून ठेवून देता.

मामा, मला आता हे दुखणं ओळखता येतं. उशिरा शिकलो, पण शिकलो. चांदणीचं मला इतके दिवस कळलं नाही कारण तिला तोंडाने सांगता येत नव्हतं. तुम्हाला सांगता येतं आणि तुम्ही सांगत नाही, याचा मला फार राग आला आहे. आई गेल्यावर माझ्यासाठी वडीलधारं असं तुम्हीच उरला आहात. तुम्हाला काही झालेलं मला चालणार नाही. येत्या मंगळवारी सकाळी मी मुलुंडला येतो, आपण दोघं पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ. नाही म्हणालात तर डॉ. दर्शनांना घेऊन येईन. नळी तीन मीटरची आहे, तुम्हाला पुरेल.

ता. क. तिसरा (हा कुंदाच्या हातचा) : मामा, नमस्कार. पाकीट मी बंद करते आहे, त्यामुळे हे यांनी वाचलेलं नाही. यांनी बारा वर्षांत पित्तासाठी एकदाही डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही. अलीकडे रात्री उठून बसतात आणि मला सांगतात, चांदणीची काळजी वाटली. म्हणून मंगळवारी मी रेवतीकरवी दोघांची नावं घातली आहेत, साडेनऊला तुमचं, दहाला यांचं. यांना वाटतं आहे की आपण फक्त तुम्हाला न्यायला चाललो आहोत. तुम्ही नकार दिलात तर हेही तिथवर जाणार नाहीत, तेव्हा यांच्यासाठी तरी तुम्ही चला. एवढं माझं ऐकाच. त्या दिवशी चांदणीपाशी मी बसेन.